जगातले धर्म एका भिंतीवर: नकाशा, तक्ता आणि दिशा (सांगली)

कृष्णाघाट (धागाकर्ता)

सांगलीत एका वाचनालयाच्या वरच्या हॉलमध्ये 'जगातले धर्म' असं कायमचं दालन करायचं ठरलंय. भिंत १२ फूट रुंद, ६ फूट उंच. तिच्यावर नकाशा, शेजारच्या भिंतीवर मूळ श्रद्धांचा तक्ता आणि जमिनीवर काही करता आलं तर तेही. बघणार कोण, तर आठवी ते बारावीची मुलं आणि सकाळी पेपर वाचायला येणारी मंडळी.

आत्ताचा कच्चा आराखडा असा. जगाचा राजकीय नकाशा घ्यायचा, ज्या देशात ज्या धर्माचे लोक जास्त त्या धर्माचा रंग भरायचा. तक्त्यात पाच रकाने: धर्म, संस्थापक, ग्रंथ, देव, प्रार्थनास्थळ. छापायला टाकायच्या आधी चुका काढा. कौतुक नंतर करा.

नकाशेवाला

देश रंगवायचे नाहीत, ही पहिली गोष्ट. रंग भरतो जमिनीला आणि धर्म असतो माणसांचा. रशिया आणि कॅनडा रंगवले की अर्धी भिंत ख्रिस्ती दिसते, आणि त्यातला बराचसा भाग बर्फ असतो. उलट भारत एका रंगात भरला की २०११च्या जनगणनेतले १७.२ कोटी मुसलमान, २.८ कोटी ख्रिस्ती, २.१ कोटी शीख, ८४ लाख बौद्ध आणि ४४.५ लाख जैन भिंतीवरून पुसले जातात.

त्याऐवजी ठिपके लावा. एक ठिपका म्हणजे १ कोटी माणसं. अमेरिकेतल्या प्यू रिसर्च सेंटरचे २०२० सालचे आकडे धरले तर जगाचे सुमारे ७९० ठिपके होतात: ख्रिस्ती २३०, मुस्लिम २००, कुठल्याच धर्मात नाव न सांगणारे १९०, हिंदू ११८, बौद्ध ३२, ज्यू दीड, आणि शीख, जैन, बहाई, ताओ, आदिवासी धर्म वगैरे मिळून १७ च्या आसपास.

दुसरी गोष्ट नकाशाच्या जातीची. शाळेच्या भिंतीवरचा नेहमीचा मर्केटर घेतलात तर ग्रीनलंड आफ्रिकेएवढं दिसेल. प्रत्यक्षात आफ्रिका त्याच्या चौदा पट आहे. ठिपक्यांची दाटी खरी दिसायची तर क्षेत्रफळ जपणारा नकाशा पाहिजे. मोलवाइडे चालेल, 'इक्वल अर्थ' त्याहून बरा. तो २०१८ सालचा आहे, खुला आहे आणि डोळ्यांना वेडावाकडा वाटत नाही. त्याची रुंदी उंचीच्या जरा दुप्पट असते. १० फूट रुंद घेतला तर उंची ४ फूट १० इंच होते. उरलेली दोन फुटांची पट्टी सूची आणि महाराष्ट्रासाठी ठेवा.

आता ठिपक्याचा आकार. या मापात भारत साधारण सव्वासहा इंच चौरस येतो, त्यात १४० ठिपके. म्हणजे दोन ठिपक्यांमध्ये साडेतेरा मिमी, आरामात बसतात. अडचण बांगलादेशात आहे: पावणेदोन चौरस इंचांत १६ ठिपके, एकेकाला जेमतेम ८ मिमी. म्हणून ठिपका ६ मिमीच्या वर नको. १० मिमीचे गोल स्टिकर आणलेत तर ढाक्याचे ठिपके कोलकात्यात जाऊन बसतील.

पलूस_५०

स्टिकर कशाला, टिकल्या आणा की! कुठल्याही कासारगल्लीत ५-६ मिमीच्या पाकिटांनी मिळतात, पाहिजे त्या रंगात, शिवाय चौकोनी आणि थेंबाच्या आकारातही.

नकाशेवाला

कल्पना झकास. फक्त ग्लॉसी फ्लेक्सवर लावू नका. पावसाळ्यात दमट हवेने गोंद सुटतो आणि सप्टेंबरात खाली झाडू मारावा लागतो. सनबोर्डवर मॅट व्हिनाइल घ्या. नाहीतर रंगीत डोक्याच्या टाचण्या: त्या नंतर हलवता येतात, पण मुलांचा हात पोचतो तिथपर्यंत टिकल्याच बऱ्या.

ठिपके देशात सारखे पसरवायचे नाहीत, माणसं राहतात तिथे लावायचे. इजिप्तचे नाईलच्या पट्टीत, रशियाचे बहुतेक उरलच्या पश्चिमेला, चीनचे पूर्व अर्ध्यात, ऑस्ट्रेलियाचे किनाऱ्याला. देशात एखाद्या धर्माचे ५० लाखांच्या वर लोक असतील तर एक ठिपका लावा. खाली असतील तर शेजारच्या देशांशी बेरीज करून प्रदेशाच्या मध्यावर लावा, नाहीतर शेवटी पाच-दहा टिकल्या हातात उरतात आणि कुठल्या ते कळत नाही.

सतारमेकर

मिरजेहून लिहितोय. ठिपक्यांची पद्धत एवढ्यासाठी आवडली की इस्लामबद्दलचा सगळ्यात मोठा गैरसमज त्यात आपोआप सुटतो. सर्वात जास्त ठिपके इंडोनेशियात, २४. मग पाकिस्तान २३, भारत २१, बांगलादेश १५. या चौघांतच २०० पैकी ८३ झाले. सगळं पश्चिम आशिया आणि उत्तर आफ्रिका मिळून ४१. मक्का-मदिना ज्या देशात, त्या सौदी अरेबियात तीन!

सुन्नी-शिया फरक दाखवायचा असेल तर रंग तोच ठेवून शियांच्या टिकलीवर मध्ये पांढरा बिंदू द्या. जगभरच्या मुसलमानांत शिया १० ते १५ टक्के. पण इराण, इराक, अझरबैजान आणि बहारीनमध्ये तेच जास्त.

कृष्णाघाट

ख्रिस्ती २३० कुठे लावायचे? युरोपात निम्मे?

नकाशेवाला

तिथेच सगळे फसतात. सहाराच्या दक्षिणेकडच्या आफ्रिकेत साधारण ७०, युरोपात ५१. एकेका देशाचं म्हणाल तर अमेरिका २२, ब्राझील १७. बेथलेहेम आणि जेरुसलेमच्या परिसरात एकही पूर्ण ठिपका येत नाही.

उगमस्थानाला वेगळी खूण करा, छोटा तारा. तारे आणि ठिपके एकाच नकाशावर आले की मुलं आपणहून प्रश्न विचारतात. लुंबिनीचा तारा नेपाळमध्ये, आणि नेपाळच्या बौद्धांचा एक ठिपकाही भरत नाही. बौद्ध ठिपक्यांची गर्दी थायलंड, म्यानमार, चीन, जपानमध्ये. गुरू नानकांच्या जन्मगावाचा, नानकाना साहिबचा तारा पाकिस्तानात, शिखांचे दोन ठिपके आपल्या पंजाबात. याला अपवाद हिंदू धर्माचा: ११८ पैकी ११२ भारतातच, दोन नेपाळात, एक बांगलादेशात.

मळेवाडी

त्या १९० चं काय? 'नास्तिक' असं लिहू?

नकाशेवाला

लिहू नका. १९० पैकी १३० ठिपके एकट्या चीनचे आहेत. तिथे 'धर्म कोणता' विचारलं तर 'कुठलाच नाही' म्हणणारा माणूस चिंगमिंगच्या सणाला पूर्वजांच्या थडग्यावर जाऊन उदबत्ती लावतो, नैवेद्य दाखवतो. 'कोणत्याही धर्मात नाव न सांगणारे' असं लांबलचक पण खरं लिहा. जपानमध्ये उलटा घोळ: शिंतो देवळं आपल्या भागातल्या सगळ्यांना आपलं धरतात, बौद्ध मंदिरंही धरतात, आणि दोन्हींची सरकारी बेरीज देशाच्या लोकसंख्येच्या वर जाते. एका माणसाला एकच टिकली, हा नियमच मुळी सगळीकडे लागू पडत नाही. हे वाक्य सूचीखाली टाका.

आगाशिव

नकाशाचं मार्गी लागलं, आता तक्ता. संस्थापक, ग्रंथ, देव, प्रार्थनास्थळ हे रकाने ख्रिस्ती आणि इस्लामच्या मापाने शिवलेले आहेत. तोच अंगरखा बाकीच्यांना घालायला गेलात की हिंदू धर्माला संस्थापक शोधत बसाल, शिंतोला ग्रंथ, आणि जैन-बौद्धांच्या 'देव' रकान्यात काहीतरी कोंबाल.

रकाने प्रश्नांचे करा. मी चार सुचवतो:
- माणसाचं कुठे अडलंय?
- त्यातून सुटायला काय करायचं?
- शेवटी काय मिळतं?
- रोजच्या दिवसात ते कुठे दिसतं?

बौद्ध धर्माची ओळ भरून दाखवतो. अडलंय: दुःख आहे आणि त्याचं मूळ तृष्णेत आहे. करायचं: अष्टांगिक मार्ग, म्हणजे सम्यक दृष्टी, संकल्प, वाणी, कर्म, आजीविका, व्यायाम, स्मृती, समाधी. (इथला 'व्यायाम' म्हणजे प्रयत्न. मुलं जोर-बैठका समजतात, कंसात लिहाच.) शेवटी: निर्वाण, तृष्णेचं विझणं. दिसतं कुठे: त्रिशरण, पंचशील, दान.

इथली हमखास चूक म्हणजे 'आत्मा पुन्हा जन्म घेतो' हे वाक्य. बुद्धाने नित्य आत्मा नाकारला, अनात्म हा त्याच्या शिकवणीचा कणा आहे. परंपरेत पुनर्भव मानतात, पण एका दिव्याने दुसरा लावावा तसा, कुणी प्रवासी इकडून तिकडे जात नाही. आणि आपल्याकडे थेरवाद, महायान, वज्रयान एवढ्या शाखांवर थांबता येणार नाही. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात डॉ. आंबेडकरांनी दिलेल्या धम्मात २२ प्रतिज्ञा आहेत आणि दुःखाचा अर्थ माणसाने माणसावर लादलेल्या अन्यायापर्यंत येतो. २०११ मध्ये भारतातल्या ८४ लाख बौद्धांपैकी ६५ लाख महाराष्ट्रात होते. त्यांची ओळ वेगळी पाहिजे. साताऱ्यातल्या शाळेच्या रजिस्टरात ७ नोव्हेंबर १९०० ला ज्या मुलाचं नाव चढलं त्याचा हा मार्ग, आणि कराडला आगाशिवच्या डोंगरात त्याच धम्माची दोन हजार वर्षांपूर्वीच्या सुमाराची लेणी. सातारा जिल्ह्याबाहेर जायलाच नको.

दक्षिणकाठ

जैनांची ओळ. सांगली-कोल्हापूर पट्ट्यात दिगंबर जैन शेतकरी गावोगाव आहेत, चूक लगेच पकडली जाईल म्हणून नीट लिहितो.

महावीर 'संस्थापक' नव्हेत, चोविसावे तीर्थंकर. पहिले ऋषभदेव, तेविसावे पार्श्वनाथ. बाहुबली तीर्थंकर नव्हेत. ते ऋषभदेवांचे पुत्र. ही चूक छापील पुस्तकांतही दिसते, कारण त्यांच्याही भव्य, उंच मूर्ती असतात. २४ पैकी २० तीर्थंकरांचं निर्वाण झारखंडातल्या सम्मेद शिखरजीवर, म्हणून तारा तिथे.

अडलंय काय, तर कर्म. पण हे कर्म 'केलेल्या कृत्याचं फळ' एवढंच नाही. जैन मतात कर्म हे सूक्ष्म द्रव्य आहे, पुद्गल; ते जीवाला धुळीसारखं चिकटतं. सात तत्त्वं: जीव, अजीव, आस्रव, बंध, संवर, निर्जरा, मोक्ष. मुलांना नावेचं जुनं उदाहरण द्या. नावेला भोक पडलं, पाणी आत येतंय, तो आस्रव. आत साचलं तो बंध. भोक बुजवलं तो संवर. साचलेलं उपसून काढलं ती निर्जरा. कृष्णेच्या पुरात बोट बघितलेल्या पोराला दुसरं काही सांगावं लागत नाही. निर्माता ईश्वर नाही; तीर्थंकर पूज्य आहेत, पण ते वर देत नाहीत, वाट दाखवतात.

कृष्णाघाट

रकाने बदलले. आता 'रोजच्या दिवसात' या रकान्यात प्रत्येक धर्मापुढे 'उपवास' असं येतंय. एकच शब्द सगळीकडे चालेल का?

दक्षिणकाठ

चालणार नाही. 'उपवास' म्हटलं की वाचणाऱ्याच्या डोळ्यांसमोर साबुदाण्याची खिचडी, वरीचा भात आणि शेंगदाण्याची आमटी येते. जैन उपवासात अन्न काहीच नाही. उकळून गार केलेलं पाणी, तेही सूर्यास्ताआधी, आणि काही जण तेही घेत नाहीत. आदल्या संध्याकाळपासून दुसऱ्या दिवशीच्या सकाळपर्यंत साधारण ३६ तास होतात. एकदाच जेवलं तर एकासन. तूप, तेल, दूध, मसाला वगळून जेवलं तर आयंबिल.

सतारमेकर

रोज्यात पहाटेपासून सूर्यास्तापर्यंत पाण्याचा घोटही नाही. आजारी, प्रवासी, गरोदर बाईला सूट, नंतर भरून काढायचा. ज्यूंचा योम किप्पूर साधारण २५ तासांचा, तोही निर्जळी. कॅथॉलिकांत राखेचा बुधवार आणि गुड फ्रायडे असे दोनच सक्तीचे दिवस, तेही १८ ते ५९ वयाला: एक पूर्ण जेवण, दोन किरकोळ, मांस वर्ज्य. शिखांमध्ये उपवासाला धर्माचरण मानतच नाहीत. थेरवादी भिक्खू रोजच दुपारी बारानंतर जेवत नाहीत. या सगळ्याचा वेगळा छोटा फलक करा. शेजारी आषाढी एकादशीचं ताट ठेवा आणि लोकांनाच तुलना करू द्या.

जकात लिहिताना तोळ्याची भानगड लक्षात ठेवा. निसाब (जकात लागू व्हायची किमान मर्यादा) म्हणजे साडेसात तोळे सोनं किंवा साडेबावन्न तोळे चांदी, वर्षभर शिलकीत असली की चाळिसावा हिस्सा, म्हणजे अडीच टक्के. हा तोळा जुना, ११.६६४ ग्रॅमचा. सराफ कट्ट्यावर आज तोळा म्हणजे १० ग्रॅम. साडेसात गुणिले दहा करून ७५ ग्रॅम छापलंत तर चुकलं, ८७.४८ ग्रॅम पाहिजे.

वाईकर

मूळ धाग्यात जमिनीवर काही करायचं म्हणालात ना? दिशा आखा, म्हणजे कोण कुठे तोंड करून प्रार्थना करतं ते. हॉलच्या मध्यावर एक बिंदू घ्या आणि तिथून रंगीत पट्ट्या: मक्केचा काबा, जेरुसलेम, बहाई धर्मीयांचं इस्राएलमधलं बाहजी. आणि पूर्व, कारण जुनी देवळं आणि जुनी चर्चं दोन्ही बहुधा पूर्वेचा विचार करून बांधलेली.

सतारमेकर

हे करा, पण नकाशावर पट्टी ठेवून कोन काढू नका. सांगली १६.८५ उत्तर, ७४.५८ पूर्व. मक्का २१.४२ उत्तर, ३९.८३ पूर्व. सपाट नकाशावर रेघ मारली तर पश्चिमेच्या उत्तरेला साडेसात-आठ अंश निघतात. पृथ्वी गोल आहे. गोलावरचा सर्वात जवळचा रस्ता काढला तर साडेतेरा अंश. म्हणजे उत्तरेपासून घड्याळाच्या दिशेने २८३.५ अंश, अंतर सुमारे ३,६८० किमी. साताऱ्याहून २८२.३. तीन फुटांच्या पट्टीत सहा अंशांची चूक म्हणजे टोक जवळजवळ चार इंच सरकतं.

सूत्र पाहिजे असेल तर: रेखांशांच्या फरकाची ज्या (साइन) वर, खाली आपल्या अक्षांशाची कोज्या (कोसाइन) गुणिले मक्केच्या अक्षांशाचा टॅन्जंट, त्यातून आपल्या अक्षांशाची ज्या गुणिले रेखांश-फरकाची कोज्या वजा. येईल त्याचा व्यस्त टॅन्जंट म्हणजे उत्तरेपासून पश्चिमेकडे किती अंश. सांगलीचं उत्तर ७६.५. याच सूत्राने जेरुसलेम ६० अंश, बाहजी ५८. या दोन पट्ट्या जवळजवळ एकमेकींवर पडतात, म्हणून लांबी वेगळी ठेवा.

होकायंत्राने आखू नका. वाचनालयात लोखंडी कपाटं असतात, सुई पाच-दहा अंश सहज फिरते. मोबाइलच्या कव्हरला चुंबक असेल तर आणखी. उन्हाने आखा. दरवर्षी २८ मेच्या सुमारास आपल्या घड्याळाने दुपारी २:४८ ला आणि १६ जुलैच्या सुमारास २:५७ ला सूर्य बरोब्बर काब्याच्या डोक्यावर असतो. त्या क्षणी गच्चीवर एक मीटरची काठी ओळंब्याने सरळ उभी करा. सावली सुमारे ६५ सेंमी पडेल. सावलीच्या टोकाकडून काठीच्या बुडाकडे जाणारी रेघ म्हणजे किब्ला, नमाजाची दिशा. उलटी नाही! सावली काब्याच्या विरुद्ध बाजूला पडते, इथे हमखास गफलत होते. दिवस एखादा इकडेतिकडे, वेळ पाचेक मिनिटं मागेपुढे चालेल. जुलैतला मुहूर्त सांगलीत विसराच, आभाळ भरलेलं असतं.

पलूस_५०

मग जुन्या मशिदी नुसत्या पश्चिमेला तोंड करून आहेत त्या चुकीच्या?

सतारमेकर

अजिबात नाही. लांबच्या माणसाला काब्याची नेमकी रेघ सापडलीच पाहिजे अशी अट नाही, बाजू सांभाळली की पुरे. हनफी मतात दोन्हीकडे ४५ अंशांपर्यंत फरक झाला तरी नमाज होते. फलकावर हेही लिहा, नाहीतर एखादं हुशार पोरगं दुपारी पट्टी घेऊन दर्ग्यात जायचं.

टेबललँड

बाहजीचं नाव आलं म्हणून. बहाईंना 'इस्लामचा पंथ' लिहू नका, स्वतंत्र धर्म आहे. संस्थापक बहाउल्ला, १८१७ ते १८९२, समाधी बाहजीला. मूळ विचार तीन एकतांचा: ईश्वर एक, सगळ्या धर्मांचा झरा एक, मानवजात एक. वर्ष १९ महिन्यांचं, महिना १९ दिवसांचा. ३६१ होतात, उरलेले चार-पाच दिवस मध्ये घालतात. पुरोहितवर्ग नाही. पाचगणीत १९४५ पासून बहाईंची शाळा आहे, म्हणजे सातारा जिल्ह्याला हा धर्म परका नाही.

पारशांपुढे 'अग्निपूजक' छापू नका. अग्नी हे अहुर मज्दाच्या, म्हणजे त्यांच्या ईश्वराच्या, सत्याचं, तेजाचं चिन्ह. गाभा तीन शब्दांत: सुविचार, सुवचन, सुकृती. २०११ ला भारतात ५७,२६४ पारशी, त्यामुळे टिकली नाहीच. इराणात यझ्दला एक तारा आणि गुजरातेत उदवाड्याला एक.

माळरान_जत

ख्रिस्ती ओळीत येशूला 'अवतार' म्हटलंय का ते बघा. बऱ्याच मराठी तक्त्यांत असतं. अवतार म्हटलं की दहा आठवतात, एक संपून दुसरा येतो. ख्रिस्ती श्रद्धेत देहधारण एकदाच, आणि तो पूर्ण देव व पूर्ण मनुष्य दोन्ही. याच वाक्यावरून ४५१ च्या खाल्सेदोन परिषदेनंतर कॉप्टिक, आर्मेनियन, सिरियन मंडळ्या वेगळ्या राहिल्या. १०५४ ला पूर्व-पश्चिम फूट, १५१७ पासून प्रॉटेस्टंट. 'पवित्र आत्मा' हाही आपल्या आत्म्यासारखा नव्हे, त्रैक्यातली तिसरी व्यक्ती. आणि 'मोक्ष' न लिहिता 'तारण' लिहा. मोक्षात जन्ममरणाच्या फेऱ्यातून सुटका, तारणात पापातून सुटका आणि देवाशी समेट. अडलंय तेच वेगळं, म्हणून सुटकाही वेगळी. बायबलची पुस्तकं प्रॉटेस्टंट ६६, कॅथॉलिक ७३. नुसतं 'बायबल' लिहिलंत तर हा प्रश्न येणार.

वाईकर

हिंदू धर्माची ओळ कोण भरणार? मी एकदा प्रयत्न करतो: अविद्या आणि कर्मामुळे जन्ममरणाचा फेरा; ज्ञान, भक्ती, कर्म, योग हे मार्ग; मोक्ष हा शेवट.

आगाशिव

हे वेदान्ताचं झालं. पूर्वमीमांसकाला विचारा: त्याला यज्ञाचा विधी नीट व्हायला हवा, जग निर्माण करणारा ईश्वर त्याला लागतच नाही. वारकऱ्याला विचारा, तो म्हणेल मुक्ती नको, संतसंग दे.

वाईकर

मान्य. मग एका ओळीच्या जागी तीन करू. दर्शनांची, संप्रदायांची (वैष्णव, शैव, शाक्त) आणि घरातल्या कुळाचाराची. तिसरी सगळ्यात महत्त्वाची. बहुसंख्य हिंदूंचा धर्म कुलदैवत, व्रत, संस्कार आणि वारी यांतच असतो. फलटणचं महानुभावांचं स्थान आणि जतकडचे लिंगायत यांना मात्र या तिसऱ्या ओळीत लोटू नका. महानुभाव पाच कृष्ण मानतात, इतर देवतांची पूजा करत नाहीत. लिंगायतांत इष्टलिंग अंगावर, देऊळ गौण, आणि बसवण्णांची वचनं प्रमाण. जनगणनेत दोघांचीही बेरीज हिंदूंमध्ये होते. टिकली त्या रंगाची लावा, तक्त्यात ओळ वेगळी द्या.

मळेवाडी

शीख ओळीत मराठी दुवा आहे तो सोडू नका. गुरू ग्रंथसाहिबात १४३० पानं, त्यांना अंग म्हणतात, आणि त्यात नामदेवांची ६१ पदं. ज्यूंच्या ओळीतही: रायगडचे बेने इस्राएल तेलाचे घाणे चालवत आणि शनिवारी बंद ठेवत, म्हणून गावात 'शनिवार तेली'. शब्बाथ म्हणजे काय हे याहून चांगलं कुठे कळणार? तो शुक्रवारी सूर्यास्तालाच सुरू होतो हे तेवढं लिहा.

कृष्णाघाट

दोन अडचणी. ज्यूंची दीड टिकली कशी लावू? आणि महाराष्ट्राच्या पट्टीत एक टिकली १ कोटीची ठेवली तर जैन दिसतच नाहीत.

नकाशेवाला

ज्यूंसाठी समुद्रात छोटी चौकट, तिथे एक टिकली १० लाखांची, प्रमाण ठळक लिहून: इस्राएल ७, अमेरिका ६, बाकी जग २. मोठ्या नकाशावर दोन अर्ध्या कापलेल्या टिकल्या.

महाराष्ट्र दोन फूट रुंद घ्या, एक टिकली १ लाखाची. २०११ प्रमाणे हिंदू ८९७, मुस्लिम १३०, बौद्ध ६५, जैन १४, ख्रिस्ती ११, शीख २. दोन टिकल्यांत सव्वा सेंटिमीटर मिळतो, बसतात. फक्त मुंबईच्या १२४ टिकल्यांना जेमतेम दोन सेंटिमीटर चौरस जागा आहे. अरबी समुद्रात चौकट काढून रेघेने जोडा. सांगली जिल्ह्याच्या २८, साताऱ्याच्या ३०.

कुणीतरी सुचवेल की हिंदू ८९७ कशाला चिकटवता, पार्श्वभूमीच भगवी करा आणि बाकीच्यांचे ठिपके लावा. करू नका. एक धर्म जमीन आणि बाकीचे वरून पडलेले, असं चित्र होतं. कंटाळा आला तरी ८९७ चिकटवा.

माळरान_जत

भगवा आणि हिरवा शेजारी नको, हे निव्वळ डोळ्यांसाठी सांगतोय. लाल-हिरवा फरक न कळणारी मुलं प्रत्येक मोठ्या वर्गात एक-दोन असतातच, त्यांना दोन्ही मातकट दिसतात. आकार बदला: गोल, चौकोनी, थेंब. पलूसच्या टिकल्या इथे कामाला येतील.

सतारमेकर

सणांच्या तारखा छापू नका, एवढं शेवटचं. हिजरी वर्ष ३५४-३५५ दिवसांचं, ईद दरवर्षी साधारण ११ दिवस मागे येते, ३३ वर्षांत चक्कर पुरी. २०३० मध्ये रमजान दोनदा लागणार, जानेवारीत आणि डिसेंबराच्या अखेरीस. ज्यूंचं पंचांग आपल्यासारखंच, १९ वर्षांत सात अधिक महिने, म्हणून त्यांचा पेसाह (वल्हांडण) सण वसंतातच राहतो. ईस्टर २१ मार्चला किंवा त्यानंतर येणाऱ्या पौर्णिमेच्या पुढचा रविवार. पण ऑर्थोडॉक्स जुन्या ज्युलियन पंचांगाने मोजतात, म्हणून २०२६ ला एकांचा ५ एप्रिल, दुसऱ्यांचा १२. नियम लिहा, तारीख खडूने.

कृष्णाघाट

सगळं उतरवून घेतलं. टिकल्यांची ऑर्डर: जगाला ७९०, महाराष्ट्राला १,११९, वर दहा टक्के जादा. आज कागदावर मांडून बघितलं तर ग्रीनलंडवर एकही टिकली येत नाही. मोजण्यात चूक नाही ना?

नकाशेवाला

नाही. तिथे साठ हजारसुद्धा माणसं नाहीत.